फोर-व्हील टाकली की जीप अडते, क्रॉस तुटतात: आधी दोन्ही एक्सलचे दात मोजा

सरळ, कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलचा लिव्हर टाकला की गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. स्टिअरिंग जड होतं. थोडं अंतर गेल्यावर लिव्हर परत काढायला जावं तर तो जागचा हलत नाही; गाडी हातभर मागे घेतली की मगच टक् करून सुटतो. ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीला, हात लावला तर चटका बसतो. आणि दर दीड-दोन महिन्यांनी पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे तिथून एक्सलला जाणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (टोकाचा सांधा) जातो.

ही लक्षणं तुमच्या जीपमध्ये असतील आणि जीप जुळवलेली असेल, म्हणजे चासी एका गाडीची, इंजिन दुसरीचं आणि एक्सल भंगारातून आणलेला, तर नवा क्रॉस घ्यायच्या आधी हे वाचा. मी पाच महिन्यांत तीन क्रॉस बदलले, ट्रान्सफर केस एकदा पूर्ण उघडून बेअरिंगं घातली, शाफ्ट लेथवर नेऊन सरळ करून आणला. दोष यातल्या कशातच नव्हता. मागच्या एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकं एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा, पुढच्यापेक्षा वेगळं होतं, एवढंच.

झालं असं. माझी जीप जुनी, विलीज या अमेरिकी कंपनीच्या घराण्यातली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत महिंद्रांनी ज्या जीप जुळवायला सुरुवात केली, त्याच साच्यातली. चासी धड होती, गिअरबॉक्स तीन गिअरचा टी-९०, इंजिन बदलून २.१ लिटरचं डिझेल. मागच्या एक्सलची नळी वाकलेली होती, म्हणून दुसरा आख्खा एक्सल भंगारवाल्याकडून आणला. "सेम टू सेम आहे, दादा, आंधळ्यानं बसवावा," असं तो म्हणाला. आणि तो खरोखरच बसला. स्प्रिंगचे यू-बोल्ट जुळले, चाकं जुळली, ब्रेकचा पाइप जुळला. बाहेरून दोन्ही एक्सल भावाभावासारखे दिसत होते. साताऱ्याहून मेढ्याकडे दोन-तीन फेऱ्या टू-व्हीलमध्ये झाल्या, कसलीच तक्रार नाही. पहिल्या पावसात शेताच्या चढाला फोर-व्हील टाकली, चिखलात गाडी निघालीसुद्धा. मग वर मुरमाच्या टणक रस्त्याला लागलो आणि गाडी अडखळायला लागली.

चिखलात दोष झाकला जातो, हे इथे लक्षात घ्या. चिखलात टायर घसरतात, त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक घसरण्यात निघून जातो. टणक जमिनीवर टायर घसरत नाहीत, मग तोच फरक शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसच्या गिअरांवर पिळ्यासारखा चढत जातो.

अडणं कुठलं बरोबर आणि कुठलं चूक

जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसच्या आत डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) नसतं. फोर-व्हील टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळलात तर कुठलीही जीप अडणारच, अगदी कारखान्यातून आलेलीसुद्धा. तो दोष नाही. म्हणून परीक्षा सरळ रेषेत घ्या. दोन्ही एक्सलचं गुणोत्तर एक असेल आणि चारही टायर एका मापाचे असतील, तर सरळ रस्त्यावर पन्नास-शंभर मीटर फोर-व्हीलमध्ये जाऊन लिव्हर बोटानं निघायला हवा. सरळ रस्त्यावरही अडत असेल तर पुढे वाचा.

त्याआधी टायर बघून घ्या. पुढे घासलेले आणि मागे कोरे, किंवा पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या, असं असेल तरी हेच लक्षण दिसतं, फक्त सौम्य. खडूनं टायरवर आणि जमिनीवर खूण करा, गाडी ढकलत चाक एक पूर्ण फेरा फिरवा, दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. चारही चाकांचं. माझ्या २३५/७५ आर १५ टायरांचं, गाडीचं वजन वर असताना, २.२४ मीटर येतं. कागदावर हिशेब केला तर २.३० येतो, पण वजनानं टायर दबतो, म्हणून मोजलेलाच आकडा धरा. पुढे-मागे एक-दोन सेंटिमीटरचा फरक असेल तर काळजी नको.

आकडा काय सांगतो

विलीजच्या घराण्यात दोन क्राऊन-पिनियन (एक्सलमधला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) फार फिरतात. एक ३९ दात क्राऊनला आणि ८ पिनियनला, म्हणजे ४.८८. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपचं गुणोत्तर हेच. दुसरं ४३ आणि ८, म्हणजे ५.३८, युद्ध संपल्यावर नागरी जीप आली तिला हे दिलं, कारण तिच्याकडून शेतातली ओढकामं करून घ्यायची होती. दोन्हींत पिनियनचे दात आठच. त्यामुळे भंगारात नुसता पिनियन बघून 'आठ दाती आहे, म्हणजे तोच' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्या जीपला पुढे ३९:८ आणि मागे ४३:८ होते. फरक साधारण दहा टक्क्यांचा. ऐकायला थोडा वाटतो. पण शंभर मीटर सरळ गेलात की प्रत्येक चाक जवळपास ४५ फेरे फिरतं. तेवढ्यात मागचा शाफ्ट २४० फेरे फिरायला बघतो आणि पुढचा २१८. ट्रान्सफर केसनं दोघांना एकत्र जखडलेलं आहे, म्हणजे दर शंभर मीटरला बावीस फेऱ्यांचं भांडण. ते मिटायचं तर कुठलं तरी टायर शंभरातले दहा मीटर घासत जायला हवं. पुढची चाकं गाडीला ओढतात, मागची धरून ठेवतात, आणि मधला सगळा ताण पुढच्या शाफ्टवर. क्रॉस टिकणार कसा?

उघडल्याशिवाय गुणोत्तर कसं मोजायचं

अर्ध्या तासाचं काम आहे. जॅक, खडू, एक मदतनीस.

आधी सावधगिरीचं सांगतो, कारण यात माणसं अडकली आहेत. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असला तरी गाडी गडगडू शकते, कारण उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. त्यामुळे सपाट जागा घ्या, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावा, आणि गाडीखाली डोकं घालण्याआधी एक्सलखाली लोखंडी घोडी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

मागचं मोजताना एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. टायरवर एक खूण, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर एक खूण. आता उचललेलं चाक हातानं वीस फेरे फिरवा आणि मदतनिसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक स्थिर असताना दुसरं दोनदा फिरलं की क्राऊन एकदा फिरतो. म्हणजे चाकाचे वीस फेरे म्हणजे क्राऊनचे दहा. शाफ्ट पावणेएकोणपन्नास वेळा फिरला तर ४.८८. पावणेचौपन्न वेळा फिरला तर ५.३८. साडेबेचाळीस ते पावणेत्रेचाळीसच्या मध्ये आला तर ४.२७, म्हणजे ४७:११. दोनच फेरे फिरवून अंदाज करू नका. दोन फेऱ्यांत ४.८८ आणि ५.३८ मधला फरक अर्ध्या फेऱ्याचा, तो डोळ्याला चकवतो. वीस फेऱ्यांत तोच पाच फेऱ्यांचा होतो.

पुढचं मोजताना ट्रान्सफर टू-व्हीलमध्ये ठेवा, फ्री-व्हील हब (चाक एक्सलपासून सोडवता येणारे) असतील तर लॉक करा, आणि पुढचं एक चाक उचला. इथे मागची दोन्ही चाकं जमिनीवर असल्यानं हँडब्रेक ओढून ठेवता येतो. बाकी सगळं तसंच.

आमच्याकडे मी चाक फिरवत होतो आणि फिटरमामा खाली आडवे पडून मोठ्यानं मोजत होते. पुढचं एकोणपन्नासला थांबलं. मागचं पन्नासच्या पुढे गेलं तेव्हा मामांचा आवाज हळू झाला. चौपन्न म्हणून ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आपण पाच महिने क्रॉसला शिव्या दिल्या रे." मग मागचं कव्हर उघडलं. क्राऊनच्या कडेवर, चिंधीनं काळं तेल पुसल्यावर, ४३ आणि ८ हे आकडे ठोकलेले स्वच्छ दिसले. एक्सल आणला त्या दिवशी दहा बोल्ट काढले असते तर तेव्हाच दिसले असते.

पुढे-मागे आकडा अगदी तंतोतंत एकच हवा असं नाही. ४५:११ म्हणजे ४.०९ आणि ४१:१० म्हणजे ४.१०, ही जोडी चालते. फरक पाव टक्क्याच्याही आत आहे, टायरच्या हवेत त्याहून जास्त फरक असतो. पण ४.८८ बरोबर ५.३८, किंवा ४.२७ बरोबर ४.०९ हे चालवू नका. "फोर-व्हील क्वचितच लागते, राहू दे," असं सांगणारे भेटतील. फोर-व्हील लागते तेव्हाच तुम्ही दरीच्या कडेला असता.

मग दोघांतलं कुठलं ठेवायचं?

दोष सापडल्यावर खरा प्रश्न हा. पुढचं ५.३८ करायचं, मागचं ४.८८ करायचं, की दोन्ही बदलून तिसरंच काहीतरी? इथे बहुतेक लोक 'आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त' एवढ्यावर थांबतात. ते खरं आहे, पण अर्धंच. हिशेब करा, साधा आहे.

ताशी वेगाला १६.६७ नं गुणा, टायरच्या मोजलेल्या परिघानं मीटरमध्ये भागा. चाकाचे मिनिटाला फेरे मिळाले. त्याला वरच्या गिअरच्या गुणोत्तरानं आणि एक्सलच्या गुणोत्तरानं गुणा, इंजिनाचे फेरे मिळाले. टी-९० चा तिसरा गिअर सरळ एकास एक आहे, त्यामुळे माझ्या टायरवर ताशी ८० ला ५.३८ असेल तर इंजिन ३,२०० फेऱ्यांवर, ४.८८ असेल तर २,९०० वर, ४.२७ असेल तर साधारण २,५४० वर. ताशी ६० ला हेच आकडे २,४००, २,१८० आणि १,९१०.

आता उलट टोक बघा. पहिला गिअर २.८०, ट्रान्सफरचा लो (हळू चालीचा गिअर) २.४६, आणि एक्सल. तिघांचा गुणाकार ५.३८ ला ३७ येतो, ४.८८ ला ३३.६, ४.२७ ला २९.४. डिझेल ८०० फेऱ्यांवर सोडलं तर गाडी ताशी २.९, ३.२ आणि ३.७ किलोमीटरनं सरकते. निसरड्या उतारावर ब्रेकला पाय न लावता नुसत्या इंजिनावर उतरायचं असतं, तेव्हा २.९ आणि ३.७ मधला फरक फार मोठा असतो. हा फरक मी पायांनी शिकलोय, कागदावर नाही.

जुनं पेट्रोल इंजिन असेल तर त्याला ५.३८ मानवतो, ते फेरे घेतं आणि ताकद वरच्या फेऱ्यांत देतं. जुन्या धाटणीच्या डिझेलचं उलट. ते खालीच ओढतं, वर गेलं की नुसतं ओरडतं, तेल पितं आणि चासीसकट थरथरतं. माझी जीप आठवड्यात चार दिवस शेताला आणि महिन्यातून एकदा केळघर घाटानं महाबळेश्वरला जाते. महामार्गावर ताशी शंभरनं पळवायची इच्छा नाही. त्यामुळे ४.२७ चा विचार सोडला. तो पाच गिअरच्या, टर्बो लावलेल्या डिझेलला द्यावा, तीन गिअरच्या टी-९० ला नाही. उरले दोन. ५.३८ वर साठच्या वर कानाला त्रास होतो. म्हणून ४.८८ कायम केलं. तुमचं उत्तर वेगळं येईल. पण ते तुमच्या टायरच्या मापातून आणि तुमच्या रस्त्यातून येऊ द्या, शेजाऱ्याच्या जीपवरून नको.

टायर मोठे घालणार असाल तर ते आधी ठरवा, गुणोत्तर नंतर. २८.९ इंचाच्या टायरच्या जागी ३१ इंची घातले की ५.३८ हा ५.०१ सारखा वागतो आणि ४.८८ हा ४.५५ सारखा. पुष्कळ जण आधी क्राऊन-पिनियन बदलतात, मग टायर मोठे करतात, आणि चढाला गाडी मेली म्हणून परत तेच काम करतात.

अजून एक. जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. ५.३८ काढून ४.८८ घातला आणि स्पीडोमीटरचा गिअर तोच राहिला, तर गाडी खरी ८० नं जाताना काटा ७३ च्या आसपास दाखवतो. काटा कमी दाखवतो आणि आपण निर्धास्त असतो, म्हणून हे काम राहू देऊ नका. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा आणि स्पीडोमीटरचा छोटा गिअर बदलून घ्या.

भंगारातून डिफरन्शियल घेताना

चाक बसलं म्हणजे एक्सल जुळला असं नाही. जीपच्या चाकाला पाच बोल्ट साडेपाच इंचाच्या वर्तुळावर असतात, १३९.७ मिलिमीटर, जिप्सीचंही तेच माप. म्हणून एकाची चाकं दुसऱ्याला सहज चढतात आणि माणूस फसतो. जुन्या विलीजच्या मागच्या एक्सलचा गोळा (डिफरन्शियल असतं तो फुगीर भाग) मध्यावर नसतो, एका बाजूला असतो, कारण ट्रान्सफर केसचा मागचा फ्लँजही मध्यावर नाही. मध्यावर गोळा असलेला पिकअपचा एक्सल तिथे घातलात तर शाफ्ट आडवा तिरका जातो, आणि जीपचा मागचा शाफ्ट आधीच आखूड. क्रॉस पुन्हा तुटतील, या वेळी मागचे.

कव्हर उघडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. विकणारा नाराज झाला तर होऊ दे. खालचा प्लग आधी काढा. तेल काळं असलं तर बिघडत नाही. ते बोटांमध्ये चोळलं की चांदीसारखी चमक राहते का बघा. बारीक चमक म्हणजे झीज, हाताला टोचणारे कण म्हणजे दात किंवा बेअरिंग सुटलेलं. तेल पांढुरकं, ताकासारखं असेल तर पाणी गेलेलं आहे. बेअरिंगांना गंज धरलाच आहे असं समजून भाव करा.

मग डिझेलात बुडवलेल्या चिंधीनं क्राऊनचा एकेक दात पुसून बोट फिरवा. आरशासारखा गुळगुळीत पट्टा चांगला. दाताच्या अंगावर सुईच्या टोकानं टोचल्यासारखे खड्डे दिसले, किंवा टोकाला धारदार कडा हाताला लागली, तर तो गिअर घरी नेऊन तुम्ही कितीही जुळवा, घुमणारच. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात. दोघांवर जोडीचा एकच क्रमांक असतो, तो ताडून बघा. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन अशी जोडी दातांची संख्या बरोबर असली तरी फुकटसुद्धा घेऊ नका.

तुमची जुनी हाऊसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) ठेवून फक्त क्राऊन-पिनियन बदलणार असाल तर डाना ४४ या मागच्या एक्सलमध्ये एक अडचण आहे. ३.७३ पर्यंतच्या गुणोत्तरांना एक केस (क्राऊन ज्यावर बसतो ते) लागतं आणि ३.९२ पासून पुढच्यांना दुसरं. मोठ्या गुणोत्तराचा पिनियन बारीक असतो, त्याच्यापर्यंत पोचायला क्राऊनची बैठक सरकवावी लागते. माझे ४.८८ आणि ५.३८ दोन्ही एकाच बाजूला पडले, म्हणून केस तेच राहिलं. पुढचा एक्सल मात्र वेगळ्या, लहान डानाचा असतो; त्याचा क्राऊन-पिनियन मागच्याला बसत नाही. 'पुढचा काढून मागे घाला' असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. एक्सल शाफ्टचे स्प्लाइनही (टोकाच्या खाचा) मोजा. डाना ४४ मध्ये १०, १९ आणि ३० असे तिन्ही येतात, आणि साइड गिअर त्याप्रमाणे लागतो.

हाऊसिंग सरळ आहे का हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर सरळ लोखंडी पट्टी उभी धरा, आणि दोन्ही पट्ट्यांमधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. चारही मापं सारखी यायला हवीत. माझ्या पहिल्या एक्सलला वर-खाली सात मिलिमीटरचा फरक होता.

बसवल्यावर घुमला तर

गुणोत्तर जुळलं, क्रॉस टिकले, पण नवा आवाज सुरू झाला, ही पुढची नेहमीची तक्रार. आवाज कधी येतो ते ऐका. अॅक्सिलरेटर दाबल्यावर घुमतो आणि सोडल्यावर थांबतो, किंवा उलट, तर क्राऊन-पिनियनची जुळणी चुकली आहे. दाबा, सोडा, काहीही करा, वेगाबरोबर घरघर वाढतच जाते, तर बेअरिंग. पाय ठेवताना किंवा काढताना 'टण्' असा एकच ठोका बसतो, तर लॅश (दातांमधली मोकळी जागा) जास्त आहे किंवा क्रॉस ढिला. फक्त वळणावरच कटकट होते, तर केसमधले लहान गिअर किंवा त्यांचे वॉशर.

जुळणी बघायला आमचे मामा शेंदूर गोड्या तेलात लोण्याइतका घट्ट कालवतात आणि क्राऊनच्या सात-आठ दातांना बोटानं लावतात. मग क्राऊनला लाकडाचा दाब देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा, म्हणजे ठसा ठळक उमटतो. (खरा शेंदूर शिशाचा असतो, हात साबणानं धुतल्याशिवाय चहाचा पेला उचलू नका.) शेंदूर पुसला जाऊन ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध आला तर जमलं. ठसा दाताच्या मुळाशी, खोल गेला असेल तर पिनियन क्राऊनच्या फार जवळ आहे, मागचे शिम (पातळ चकत्या) कमी करा. ठसा दाताच्या शेंड्याला गेला असेल तर पिनियन लांब आहे, शिम वाढवा. डानामध्ये हे शिम आतल्या बेअरिंगच्या कपामागे असतात. ते जेवढे बदलाल तेवढेच बाहेरच्या बाजूचे शिमही बदला, नाहीतर बेअरिंगचा दाब बिघडतो. पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे लिहिलेला छोटा आकडा असतो, तो हजारांश इंचात. जुन्या पिनियनवर +२ आणि नव्यावर -१ असेल तर शिम त्या तिनाच्या फरकानं आधीच वाढवून सुरुवात करा, दोन फेऱ्यांची मेहनत वाचते.

ठसा बसला की लॅश. डायल गेज लावून क्राऊन हलवा: पाच ते नऊ थाऊ (हजारांश इंच), म्हणजे ०.१३ ते ०.२३ मिलिमीटर. क्राऊनवर चार ठिकाणी मोजा. चारही आकडे जवळपास सारखे नसतील तर क्राऊनच्या बैठकीखाली कचरा आहे किंवा क्राऊन वाकडा आहे. आमच्याकडे पहिल्यांदा एका जागी सहा आणि समोर अकरा आले. उघडलं तर केसच्या बैठकीवर ठोकताना उठलेला केसाएवढा बर (धातूचा कंगोरा) होता. तेलाच्या दगडानं घासून काढला, चारही जागी सात आले. पिनियनच्या नव्या बेअरिंगांना दाब (पिनियन फिरवायला लागणाऱ्या जोरात मोजलेला) २० ते ४० इंच-पाउंड, जुनीच वापरत असाल तर त्याच्या निम्मा. 'हातानं घट्ट लागतंय' यावर हे काम सोडू नका. ढिला पिनियन पहिल्या हजार किलोमीटरमध्ये स्वतःला आणि क्राऊनला खातो.

तेल हायपॉइडचंच, जीएल-५ दर्जाचं ९० नंबर. गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ इथे ओतू नका. या दातांवर दाब आणि घसरण दोन्ही जास्त असतात, ते तेल टिकत नाही. उलट, जीएल-५ टी-९० मध्ये घालणंही टाळा, आतल्या पितळी भागांना ते सोसत नाही.

कागदपत्रांचं राहिलं. इंजिन बदललेलं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आहे. एक्सल दुसऱ्या मॉडेलचा घालणार असाल तर पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या. भंगारवाल्याकडून बिल घ्या, त्यावर एक्सल कुठल्या गाडीचा ते लिहून घ्या.

माझी जीप ४.८८ वर आता एक पावसाळा काढून बसली आहे. पहिल्या दिवशी वीस मिनिटं चालवून गोळा हात ठेवता येईल इतका थंड होऊ दिला, असं तीन वेळा केलं. नंतर पाचशे किलोमीटर ओझं न घेता चालवलं, घाट टाळला. मग तेल काढलं. प्लगच्या चुंबकावर पिठासारखा राखाडी थर होता, कण एकही नाही. तोच प्लग मामांनी चिंधीनं पुसला, नवं तेल भरलं, आणि मुरमाच्या चढावर नेऊन फोर-व्हील टाकली. वर पोचल्यावर लिव्हर दोन बोटांनी निघाला.